सूर्याकडून चित्र रेखाटून घेणारे निसेफोर नीएप्स

छायाचित्रणकलेचे आद्य जनक जोसेफ निसेफोर नीएप्स यांचा जन्म दि. ७ मार्च १७६५ रोजी फ्रान्समधील शालों-सूर-सोन येथे एका सधन घराण्यात झाला. काही काळ सैन्यात सेवा केल्यावर ते जन्मभूमीस परतले आणि ज्येष्ठ बंधू क्लोद यांच्यासमवेत संशोधनात रमले. १८०७ साली या बंधुद्वयाने एका इंजिनाचे पेटंटही मिळविले.

पुढे त्यांस शिळाछापाचा छंद जडला. परंतु चित्रकलेचा हात नव्हता! मग प्रकाशाकडूनच चित्र का काढून घेऊ नये? १८१६ मध्ये सिल्व्हर क्लोराइडच्या कागदावर प्रतिमा उमटली. मात्र छाया-प्रकाश उलटे, आणि उजेडात आणताच कागद काळवंडे. तेव्हा त्यांनी निराळाच पदार्थ निवडला, तो म्हणजे डांबर. लव्हेंडरच्या तेलात विरघळविलेल्या डांबराचा पातळ लेप धातूच्या पत्र्यावर द्यावयाचा. जेथे ऊन पडे तेथे डांबराचे रेणू एकमेकांशी सांधले जाऊन लेप कठीण होई; सावलीतला लेप मात्र तेलाने धुतला जाई. रंग बदलण्याऐवजी विद्राव्यता बदलणे, यातच त्यांच्या प्रतिभेचे खरे दर्शन घडते.

१८२६-२७ च्या सुमारास सँ-लू-द-वारेन येथील आपल्या घराच्या खिडकीतून त्यांनी कथिलमिश्रित पत्र्यावर जे दृश्य टिपले, ते निसर्गातून घेतलेले आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने छायाचित्र होय. त्यास किमान आठ तास, कदाचित कित्येक दिवस लागले असावेत. कारण त्यात समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन दिसते.

१८२७ मध्ये ते इंग्लंडला गेले. कृती गुप्त ठेवल्यामुळे रॉयल सोसायटीने त्यांचा प्रबंध स्वीकारला नाही. पुढल्याच वर्षी क्लोद निवर्तले. इंजिनाच्या ध्यासापायी घरची बरीच संपत्तीही गेली होती. अखेर १८२९ मध्ये त्यांनी लुई दागेर यांच्याशी भागीदारी केली, परंतु दि. ५ जुलै १८३३ रोजी ते कालवश झाले.

१८३९ साली आयोडीनच्या वाफेने संस्कारित चांदीच्या पत्र्यावरील पद्धत जगापुढे आली, ती केवळ दागेर यांच्या नावाने. फ्रेंच शासनाने दागेर यांस सहा हजार व नीएप्स यांचे पुत्र इसिदोर यांस चार हजार फ्रँक वार्षिक मानधन दिले. पैशाची वाटणी झाली, कीर्तीची मात्र नाही.

खिडकीचे ते चित्र पुढे दीर्घकाळ विस्मृतीत गेले. १९५२ मध्ये इतिहासकार हेल्मुट गर्नशाइम यांनी ते शोधून काढले आणि नीएप्स यांचे अग्रस्थान पुन्हा प्रकाशात आले. आज तो पत्रा अमेरिकेत, ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात जतन केलेला आहे.