विश्लेषण : वर्ग मिळाला नाही, तरी रिचर्ड बर्टन अरबी कसे शिकले?

वेश पालटून मक्केत पोहोचलेले आणि ‘अरेबियन नाइट्स’ इंग्रजीत आणणारे रिचर्ड बर्टन सुरुवातीला अरबी अक्षरे चक्क उलट्या दिशेने गिरवत होते. त्यांच्या अरबी शिक्षणाचा प्रवास ऑक्सफर्डहून मुंबई, सिंधमार्गे कैरोपर्यंत झाला.

ऑक्सफर्डमध्ये काय झाले?

बर्टन यांचा जन्म १८२१ चा, इंग्लंडमधील टॉर्कीचा. बालपण फ्रान्स-इटलीत गेल्याने भाषा कानावर पडतच होत्या. १८४० मध्ये ते ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. तेथे अरबी शिकण्याची इच्छा त्यांनी प्राध्यापकांकडे बोलून दाखवली. मात्र, आपले काम वर्गाला शिकवण्याचे आहे, एकट्याला नव्हे, असे सांगून प्राध्यापकांनी त्यांना परत पाठवले. मग एर्पेनियस या डच पंडिताचे १७ व्या शतकातील व्याकरण घेऊन ते स्वतःच बसले. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, हे सांगायलाही कोणी नव्हते. स्पॅनिश अभ्यासक पास्कुआल दे गायांगोस यांनी त्यांचे लिखाण पाहिले, तेव्हा त्यांना हसू आवरले नाही. अक्षरांची खरी दिशा त्यांनीच दाखवून दिली.

मुंबईशी संबंध काय?

शिस्तभंगामुळे १८४२ मध्ये कॉलेज सुटले आणि त्याच वर्षी बर्टन ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी म्हणून मुंबईत उतरले. येथे एका पारशी मुन्शीकडे ते हिंदुस्तानी शिकले. पुढे गुजराती आणि मराठीच्याही परीक्षा उत्तीर्ण झाले. हा निव्वळ छंद नव्हता. भाषा येणाऱ्या अधिकाऱ्याला दुभाषाचे पद आणि वाढीव भत्ता मिळे, आणि कंपनीला लोकांच्या मनातले कळे. सिंधमध्ये बर्टन अर्धा अरब, अर्धा इराणी व्यापारी बनून बाजारात बसत. कारण सरळ होते : उच्चार चुकला तरी संशय येऊ नये. तेथे अरबीसाठी त्यांनी शेख हाशिम नावाचा शिक्षक मुंबईहून बोलावून घेतला आणि कुराणाचा सुमारे चौथा भाग पाठ केला.

शिकण्याची पद्धत कोणती?

साधे व्याकरण आणि शब्दसंग्रह घ्यायचा, लागणाऱ्या शब्दांवर खुणा करायच्या आणि वही खिशात ठेवायची. एका बैठकीला पाव तासापेक्षा जास्त वेळ नाही. त्यापुढे मेंदू थकतो, असे त्यांचे मत होते. आठवड्यात सुमारे ३०० शब्द होत. मग सोपे पुस्तक मोठ्याने वाचायचे. अरबीतील ‘गैन’सारखा घशातला उच्चार जमेना, तर तो दिवसातून हजारो वेळा घोकायचा. समोरचा बोलत असताना त्याचे वाक्य मनात पुन्हा म्हणायचे. आजच्या भाषा-अ‍ॅपमध्ये यातले बरेच काही सापडेल. घोकण्याची चिकाटी तेवढी ज्याची त्याने आणायची.

मक्केत भाषेने तारले का?

बर्टन यांनी अरबस्तानच्या शोधमोहिमेसाठी तीन वर्षांची रजा मागितली होती. कंपनीने ती नाकारली. एक वर्ष दिले, तेही अरबीच्या अभ्यासासाठी. कैरोत शेख मुहम्मद अल-अत्तार यांच्याकडे शिकवणी झाली. हिंदुस्थानात जन्मलेला पठाण हकीम, असे नवे सोंग त्यांनी घेतले. चुकीच्या उच्चाराचा प्रश्न येथेही सोंगानेच सोडवला. मक्केत बिगर-मुस्लिमांना प्रवेश नव्हता, ओळख पटली असती तर जिवावर बेतले असते. सप्टेंबर १८५३ मध्ये ते तेथे पोहोचले. मक्का पाहणारे पहिले युरोपीय म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, ते खरे नाही. १६ व्या शतकात वार्थेमा आणि १८१४ मध्ये बुर्कहार्ट तेथे जाऊन आले होते. शिवाय ज्या यजमानांनी विश्वासाने घरात घेतले, त्यांना फसवूनच हा प्रवास झाला, हेही विसरता येत नाही.

नंतर काय झाले?

‘अरेबियन नाइट्स’चे त्यांचे दहा खंड १८८५ पासून निघाले, पुरवणी खंड वेगळे. त्यात आधीच्या जॉन पेन यांच्या भाषांतराचा मोठा आधार घेतल्याचे अनेक अभ्यासक मानतात. टिपांमधली माहिती मात्र बर्टन यांची स्वतःची आहे. २० ऑक्टोबर १८९० रोजी त्रिएस्त येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा एका अरबी कामशास्त्रीय ग्रंथाचे भाषांतर त्यांच्या टेबलावर होते. पत्नी इसाबेल यांनी ते हस्तलिखित जाळून टाकले.