टाइम मशीन तळघरातून निघालं! एच. जी. वेल्सची गोष्ट

समजा, संध्याकाळी तुम्ही रत्नागिरीत थिबा पॉइंटवर बसला आहात. समोर भाट्याची खाडी, कानात इअरफोन आणि त्यात भविष्यातल्या माणसांची गोष्ट सांगणारा एखादा ऑडिओ ड्रामा. हिरो यंत्रात बसतो, दांडा ओढतो आणि थेट हजारो वर्षं पुढे जातो. अशी एक तरी गोष्ट तुम्ही ऐकली किंवा बघितली असेलच. या सगळ्या गोष्टींचा आजोबा म्हणजे हर्बर्ट जॉर्ज वेल्स. यंत्रात बसून काळात फिरण्याची कल्पना त्याच्या आधी, १८८७ मध्ये, एका स्पॅनिश लेखकाने लिहिली होती. पण ‘टाइम मशीन’ हे नाव जगाच्या तोंडी बसवलं ते वेल्सने, १८९५ मध्ये. तर हा माणूस नक्की होता कोण?

हर्बर्टचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ चा, लंडनजवळच्या ब्रॉमली गावातला. वडिलांचं चिनीमातीच्या भांड्यांचं दुकान, तेही धड न चालणारं. घराचं स्वयंपाकघर तळघरात. वडील क्रिकेट मात्र जबरदस्त खेळायचे. १८६२ मध्ये त्यांनी केंटकडून सलग चार चेंडूंवर चार विकेट काढल्या होत्या. (निम्मे वाचक इथेच गुगल करायला जातील. जा, पण परत या.) सात वर्षांचा असताना हर्बर्टचा पाय मोडला. कित्येक आठवडे पडून राहायचं, म्हणून घरचे पुस्तकं आणून देऊ लागले आणि पोराला वाचनाचं वेड लागलं ते कायमचं. पुढे वडिलांचाही पाय मोडला, क्रिकेटची कमाई थांबली आणि आईला अपपार्क नावाच्या एका बड्या घराण्याच्या वाड्यावर कामाला जावं लागलं.

हर्बर्टला लावलं कापडाच्या दुकानात. दिवसाचे तेरा तास काम आणि रात्री बाकीच्या पोरांबरोबर एकाच खोलीत झोप. जवळजवळ दोन वर्षं त्याने हे काढलं. शेवटी त्याने आईला सांगून टाकलं, की आता बास.

अपपार्कचा वाडा इथे महत्त्वाचा आहे. वर झुंबरं, गालिचे, पाहुणे आणि मोठी लायब्ररी. खाली नोकरांची जागा आणि जमिनीखालून जाणारे बोगदे. मालकांच्या नजरेला नोकर पडू नयेत म्हणून त्यांनी या बोगद्यांतून ये-जा करायची! हर्बर्ट आईकडे यायचा तो या खालच्या जगात, आणि पुस्तकं वाचायचा वरच्या जगातली.

पुढे शिक्षकीची उमेदवारी करता करता त्याने स्कॉलरशिप मिळवली आणि १८८४ मध्ये लंडनच्या विज्ञान कॉलेजात पोचला. तिथे त्याला जीवशास्त्र शिकवायला होते टी. एच. हक्सले, म्हणजे डार्विनची बाजू घेऊन अख्ख्या इंग्लंडशी भांडलेला माणूस. सजीव बदलत आले आहेत, तर माणूसही बदलत जाणारच, हे वेल्सच्या डोक्यात पक्कं बसलं. बाकी कॉलेजमध्ये त्याने फार दिवे लावले नाहीत. शेवटच्या परीक्षेत नापास झाला, मग फुटबॉल खेळताना जबर मार लागला आणि तोंडातून रक्त पडायला लागलं. डिग्री मिळाली ती १८९० मध्ये. पण मधल्या काळात, १८८८ मध्ये, कॉलेजच्या मासिकात त्याची काळप्रवासाची एक कच्ची गोष्ट छापून आली होती. तीच त्याने पुन्हा पुन्हा लिहून काढली आणि तिचं ‘द टाइम मशीन’ झालं.

(पुढे स्पॉयलर आहे.) त्यातला प्रवासी जातो सन ८,०२,७०१ मध्ये. त्याला वाटतं, माणूस आता देवच झाला असेल. प्रत्यक्षात माणसाच्या दोन जाती झालेल्या असतात. वर बागेत बागडणारे नाजूक, बिनडोक इलॉय आणि जमिनीखाली अंधारात यंत्रं चालवणारे मॉरलॉक. रात्री मॉरलॉक वर येतात आणि इलॉयना खातात. मालक आणि कामगार लाखो वर्षं असेच वेगळे राहिले तर काय होईल, हा वेल्सचा प्रश्न होता. अनेक अभ्यासक याचं मूळ अपपार्कच्या बोगद्यांत शोधतात आणि मला तरी ते पटतं. यंत्र कसं चालतं हे त्याने जवळजवळ सांगितलेलंच नाही, कारण त्याला त्यात रसच नव्हता.

१८९८ मध्ये ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ आलं. मंगळावरचे जीव इंग्लंडवर हल्ला करतात आणि ब्रिटिश तोफा खेळण्यासारख्या ठरतात. इंग्रजांनी टास्मानियातल्या मूळ लोकांचं जे केलं, त्याची आठवण वेल्स पुस्तकाच्या सुरुवातीलाच करून देतो. आता तुम्ही ज्याच्या नावाच्या पॉइंटवर बसलाय, तो थिबा राजा आठवा. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशातलं त्याचं राज्य दोन-तीन आठवड्यांत घेतलं आणि त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. वेल्स मंगळवाल्यांची गोष्ट लिहीत होता, तेव्हा हा राजा इथेच नजरकैदेत होता.

याच पुस्तकावर ३० ऑक्टोबर १९३८ ला अमेरिकेत रेडिओ नाटक झालं. करणारा होता २३ वर्षांचा ऑर्सन वेल्स. आडनाव ऐकायला सारखं, नातं काही नाही. त्याने नाटक बातम्यांसारखं केलं. म्हणजे गाणी चालू आहेत, मध्येच ती तोडून बातमी, की न्यू जर्सीत काहीतरी उतरलंय. उशिरा रेडिओ लावलेल्या काहींना ते खरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी पेपरांनी अख्खा देश घाबरल्याच्या बातम्या छापल्या, ज्या बऱ्याच फुगवलेल्या होत्या. थोडक्यात, व्हायरल झाली ती फेक न्यूजबद्दलचीच फेक न्यूज. पण १९४९ मध्ये इक्वाडोरच्या क्विटो शहरात असंच नाटक लागलं, तेव्हा फसवलं म्हणून चिडलेल्या जमावाने रेडिओची इमारत पेटवली आणि त्यात माणसं मेली. एच. जी. सुरुवातीला ऑर्सनवर नाराज होता. १९४० मध्ये मात्र दोघं टेक्सासमधल्या एका रेडिओ स्टेशनवर भेटले आणि छान गप्पा मारल्या.

त्याच्या सगळ्याच कल्पना चांगल्या नव्हत्या. कोणत्या माणसांची संतती वाढू द्यावी, यावर त्याने १९०१ मध्ये जे लिहिलं ते आज वाचवत नाही. पण १९१४ च्या एका कादंबरीत त्याने अणुबॉम्ब लिहिला, तोही त्याच नावाने. ती कादंबरी १९३२ मध्ये लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञाने वाचली आणि पुढच्याच वर्षी त्याला अणूच्या साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली. वेल्स हिरोशिमाची बातमी ऐकण्याइतका जगला. १३ ऑगस्ट १९४६ ला तो लंडनमध्ये गेला, तेव्हा हिरोशिमाला एक वर्ष आणि एक आठवडा झाला होता.

आता थोडं कामाचं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, म्हणजे वेल्सच्या पुस्तकांवरचा हक्क २००६ अखेर संपला. मूळ इंग्रजी पुस्तक प्रोजेक्ट गुटेनबर्गवर आणि त्याचं ऑडिओ लिब्रीवॉक्सवर फुकट मिळतं. त्यावरून तुम्ही संगमेश्वरी बोलीत ऑडिओ ड्रामा केलात तरी कोणाची परवानगी लागणार नाही. दुसऱ्याचा मराठी अनुवाद किंवा १९३८ च्या नाटकाची स्क्रिप्ट मात्र उचलू नका, त्यांचे हक्क वेगळे असतात. आणि मंगळवाल्यांना मिऱ्याच्या किनाऱ्यावर उतरवणार असाल, तर ही काल्पनिक गोष्ट आहे हे दर पाच मिनिटांनी सांगा. नाहीतर रात्रीत फॉरवर्ड चिपळूणपर्यंत जाईल.