उतारांचा हिशेब ठेवणारा सर्वेक्षक

चढउताराच्या जमिनीवर टेप वा साखळी टाकली, की येणारे अंतर नकाशावरील अंतरापेक्षा नेहमीच जास्त भरते. चढ असो वा उतार, चूक एकाच दिशेची. त्यामुळे ती परस्पर फिटत नाही, साचत जाते. हे विल्यम लॅम्बटन यांच्याइतके मनावर घेणारे सर्वेक्षक हिंदुस्थानात त्यापूर्वी क्वचितच झाले असतील.

यॉर्कशायरच्या सामान्य कुटुंबात जन्मलेले लॅम्बटन पेशाने सैनिक. १७८१ मध्ये अमेरिकेत यॉर्कटाउनच्या शरणागतीत ते युद्धकैदी झाले. पुढे सूर्यग्रहण पाहताना त्यांच्या एका डोळ्याला कायमची इजा झाली. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईनंतर त्यांनी दक्षिण हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची योजना मांडली. आर्थर वेलस्ली यांच्या पाठिंब्यामुळे ती मंजूर झाली.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात साडेसात मैलांची आधाररेषा मोजण्यास प्रारंभ झाला. शंभर फुटी पोलादी साखळी तिवयांवरील लाकडी पेट्यांत ताणून ठेवायची, उष्णतेने ती किती लांबली हे तापमापकावरून ठरवायचे आणि पुढे सरकायचे. अशी सुमारे चारशे मापे, तीही मद्रासच्या उन्हाळ्यात! जमीन कलती असेल तेथे साखळीही कलती ठेवून तिचा क्षितिजाशी होणारा कोन मोजला जाई. तिरकी लांबी म्हणजे काटकोन त्रिकोणाचा कर्ण. तिला कोनाच्या कोज्येने गुणले की आडवे अंतर मिळते. प्रत्येक कर्णातून वजा करावयाच्या लांबीचे कोष्टकच त्यांनी तयार केले.

एक अंशाच्या उतारावर शंभर फुटांमागे ही वजावट अवघी ०.१८ इंच. एवढ्यासाठी हा खटाटोप कशाला, असे कोणालाही वाटेल. परंतु साडेसात मैल तोच उतार मिळाला तर चूक सहा फुटांवर जाते. आधाररेषेवर त्रिकोणामागून त्रिकोण रचले जात असल्याने हजार मैलांत तीच आठशे फूट होते.

या मोजणीतून मद्रास ते मंगळूर हे अंतर जुन्या नकाशांतील चारशे मैलांऐवजी सुमारे ३६० मैल निघाले. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना अर्ध्या टनाचे थिओडोलाइट आदळले. लॅम्बटन यांनी ते स्वतः दुरुस्त केले.

वीस वर्षे काम उत्तरेकडे सरकत राहिले. हैदराबादहून नागपूरकडे निघालेल्या लॅम्बटन यांचे २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे निधन झाले. त्यांची कबर तेथेच आहे. पुढील मोजणी त्यांचे साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे आली.