कल्याणची आनंदी आणि रोझेलची मावशी



आपल्या गाववाल्या आनंदीबाई जोशी शाळेत आपल्याला एका वाक्यात भेटल्या : परदेशी जाऊन डॉक्टर झालेली पहिली हिंदू स्त्री. परीक्षेत एका गुणाला तेवढं पुरायचं. त्यांच्या आयुष्यात आलेल्या एका अनोळखी बाईंबद्दल मात्र मला फार उशिरा कळलं. संपादकांनी लेख मागितला तेव्हा म्हटलं, त्याच लिहावं.

31 मार्च 1865 रोजी जन्मलेल्या यमुनेचं बालपण कल्याणात गेलं. घराणं एकेकाळी जमीनदारीचं, पण ते दिवस ओसरले होते. नवव्या वर्षी तिचं लग्न गोपाळराव जोश्यांशी झालं. ते पोस्टात कारकून, बिजवर, तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. लग्नात यमुनेची आनंदी झाली. बायकोला शिकवायचंच, हा गोपाळरावांचा हट्ट. अभ्यासात कुचराई झाली तर ते हातही उगारत. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांतच गेला. वेळेवर नीट उपचार मिळाले असते तर तो राहिला असता, ही सल तिच्या मनात कायमची बसली. डॉक्टर होण्याचा ध्यास तिथून पक्का झाला.

गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी रॉयल वाइल्डर या अमेरिकी मिशनऱ्यांना पत्र लिहिलं होतं. मदत मिळू शकत होती, पण आधी ख्रिस्ती व्हावं अशी अपेक्षा होती. जोशी नवराबायकोला ते मान्य नव्हतं. वाइल्डरांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला.

विषय खरं तर तिथेच संपायचा. पण न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. समोर पडलेलं ते मासिक त्यांनी चाळलं आणि ही पत्रं वाचली. ओळख ना पाळख, पण त्यांनी हिंदुस्थानातल्या त्या मुलीला पत्र लिहिलं आणि अमेरिकेत आल्यास आपलं घर देऊ केलं. स्वतः ख्रिस्ती असूनही धर्माची अट घातली नाही.

मग पत्रं सुरू झाली. गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या, पण पत्रं थांबली नाहीत. आनंदीबाई कार्पेंटरबाईंना मावशी म्हणू लागल्या. कलकत्त्याला त्यांची तब्येत ढासळली, डोकेदुखी आणि ताप पाठ सोडेना, तेव्हा या मावशीने अमेरिकेतून औषधं पाठवली. दोघींनी एकमेकींना अजून पाहिलंही नव्हतं.

आसपासचं जग मात्र संशयानं भरलेलं होतं. आपल्या लोकांना वाटे, ही बाटणार. मिशनऱ्यांना वाटे, बाटल्याशिवाय हिला मदत कशाला करायची? बाई शिकते म्हणून रस्त्यात टवाळी होई, ती वेगळीच. शेवटी 1883 साली श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात (हे बंगालमधलं श्रीरामपूर) आनंदीबाईंनी स्वतः भाषण केलं. देशाला स्त्री-डॉक्टरांची गरज का आहे ते सांगितलं, आपल्याला झालेला त्रास सांगितला आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परतण्याचा शब्द दिला. ती बातमी पसरली आणि ठिकठिकाणच्या अनोळखी लोकांकडून पैसे येऊ लागले.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये अठरा वर्षांची ही मुलगी नवऱ्याशिवाय बोटीवर चढली. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली तेव्हा न्यायला कार्पेंटरबाई आल्या होत्या. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी प्रवेश दिला, शिष्यवृत्ती मिळाली. थंडी, परका देश, शाकाहाराचं व्रत आणि पोखरत चाललेला क्षय, हे सगळं सोसत 11 मार्च 1886 रोजी त्या एम. डी. झाल्या. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. पदवीदानाला गोपाळराव आणि पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांची वाट बघत होती.

ती त्यांना पेलता आली नाही. 1886 च्या अखेरीस त्या परतल्या त्या आजारीच, आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात गेल्या. बाविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, त्या ठेवल्या आहेत. कल्याणच्या मुलीला रोझेलच्या मावशीने मरणानंतरही घरचंच मानलं.

माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं. समोरचा माणूस खरा आहे का, हे तपासणाऱ्या पायऱ्या आम्ही बांधतो. त्या लागतातच, फसवणूक खोटी नाही. डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या गेटवरही आता आधी फोन येतो, मग माणूस. कार्पेंटरबाईंनीही डोळे मिटून विश्वास टाकला नव्हता. पत्रामागून पत्र, अशी ओळख वाढवत नेली. फरक इतकाच की त्यांनी सुरुवात संशयाने केली नाही, चौकशीने केली. आणि चौकशीसुद्धा अशी, की तुला काय हवंय?

या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर आपली नावं आणि आज आपण राहतो ती गावं छापली आहेत. ठाणे, कल्याण, पुणे, बंगळुरू, आणि समुद्रापलीकडचीही. उद्या आपल्या शाळेतली एखादी मुलगी, आपल्याहून तीस वर्षांनी लहान, मुलाखतीसाठी किंवा कॉलेजसाठी यातल्या एखाद्या गावी निघेल. तिची बॅच आपल्याला माहीत नसेल, आईवडील माहीत नसतील. ती ही पानं उघडून आपल्यापैकी कुणाला तरी मेसेज करेल. नंबर अनोळखी असेल.

एवढंच सांगायचं होतं, तो मेसेज उघडून बघा. आणि उत्तर द्या.