गोळीचा व्यास मोजणारे डॉ. कोखर

टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने गेल्या महिन्यात फोनवर एक प्रश्न विचारला. तिकडे कपड्यांखाली पिस्तूल बाळगणारे बरेच. शेजारच्या गल्लीत घरफोडी झाल्यापासून त्यालाही एक घ्यावेसे वाटू लागले आहे. नाइन एमएम घ्यावे की पॉइंट फोर्टी फाइव्ह, एवढेच त्याला मामाकडून हवे होते. मामा सरकारी रुग्णालयात इतकी वर्षे जखमा पाहतो, म्हणजे त्याला ठाऊक असणार. मला मात्र आठवण झाली ती थिओडोर कोखर यांची.

हे नाव आमच्या कानावर रोज पडते, पण माणूस म्हणून नव्हे. ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर ज्याला ‘कोचर्स’ म्हणतात आणि प्रसूतिगृहात पाणमोट फोडायला जो वापरतात, तो टोकाला दात असलेला चिमटा त्यांचाच.

कोखर १८४१ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जन्मले आणि वयाच्या तिशीतच तिथल्या विद्यापीठात शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले. त्याच सुमारास, १८७०-७१ मध्ये, फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध झाले. बंदुकीतून स्फोटक गोळ्या झाडणे १८६८ च्या करारानेच निषिद्ध ठरले होते, तरी दोन्ही पक्ष एकमेकांवर तोच आरोप करत होते. जखमाच तशा होत्या : आत शिरतानाचे भोक बोटाएवढे, आत मात्र हाडामांसाचा चुराडा. साध्या शिशाच्या गोळीने एवढे कसे होईल?

कोखर यांनी तर्क लढवत बसण्याऐवजी बंदूक मागवली. रिकाम्या डब्यातून गोळी आरपार गेली, दोन भोके पडली, बस्स. तोच डबा पाण्याने भरल्यावर फुटून उघडला. कवटीचेही तेच : रिकामी असेल तर भोक पडते, पाण्याने भरलेली असेल तर तिचे तुकडे होतात. गोळीत दारू नव्हतीच. वेगाने आलेली गोळी ओल्या पदार्थाला चारी बाजूंना ढकलते आणि तो दाब भिंती फोडतो. यकृत, मेंदू, भरलेले मूत्राशय हे सगळे पाण्याने भरलेल्या डब्यांचेच भाऊबंद. शिवाय मऊ शिसे आदळल्यावर चपटे होऊन रुंदावते, ते वेगळेच. म्हणजे जखम नुसत्या व्यासावर ठरत नाही. वेग किती, गोळी पसरते की नाही आणि ती कोणत्या अवयवातून जाते, यावर ती ठरते.

कोखर स्वतः स्विस सैन्यात वैद्यकीय अधिकारी होते. लढणाऱ्याला थांबवावे, पण आयुष्यभराचा पांगळा करू नये, म्हणून गोळी लहान व्यासाची आणि कठीण धातूचे आवरण असलेली असावी, असे त्यांनी १८९४ च्या रोम येथील वैद्यकीय परिषदेत मांडले. स्वित्झर्लंडने १८८९ सालीच १०.४ मिलिमीटरची जुनी बंदूक सोडून ७.५ मिलिमीटरची नवी घेतली होती. पुढे १८९९ मध्ये हेग येथील जाहीरनाम्याने शरीरात पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरण्यास मनाई केली. त्या गोळ्यांना ज्या गावाचे नाव पडले, ते दमदम आपल्या कलकत्त्याजवळचे!

आता भाच्याचा प्रश्न. जाड गोळीचा आग्रह तिकडे १९०४ पासून आहे. त्या वर्षी अमेरिकी लष्कराच्या दोन अधिकाऱ्यांनी, त्यातला एक डॉक्टर होता, शिकागोच्या कत्तलखान्यात गुरांवर आणि शिवाय मृतदेहांवर गोळ्या झाडून पॉइंट फोर्टी फाइव्हची शिफारस केली. प्रत्यक्षात दोन्ही गोळ्यांच्या व्यासात अडीच मिलिमीटरचा फरक आहे. पिस्तुलाची गोळी आजच्या रायफलीच्या मानाने निम्म्याहून कमी वेगाने जाते. स्नायू आणि फुप्फुस लवचीक असल्याने तेवढा ताण बहुधा सोसतात. उरतो तो गोळीने प्रत्यक्ष कापलेला मार्ग. तो मोठ्या रक्तवाहिनीतून किंवा मज्जारज्जूतून गेला की नाही, यावर सगळे अवलंबून, आणि ते ठरते नेमाने. गंमत अशी, की युद्धात निषिद्ध असलेली पसरणारी गोळीच तिथे स्वसंरक्षणासाठी विकली जाते. कारण ती शरीरातच अडकते, मागच्या माणसाला सहसा लागत नाही. हे सगळे मी भाच्याला सांगितले. पिस्तूल असलेल्या घरात आत्महत्येचा धोका वाढतो, हे तिथल्याच संशोधनात वारंवार दिसले आहे, तेही सांगितले. त्याची मुलगी चार वर्षांची आहे. पिस्तूल रात्री कुठे ठेवणार, या माझ्या प्रश्नावर तो गप्प झाला.

कोखर यांना जगभर कीर्ती मिळाली ती मात्र गलगंडामुळे. आल्प्सच्या खोऱ्यांत आयोडीनअभावी घरोघरी गलगंड होता आणि त्याच्या शस्त्रक्रियेत रुग्ण रक्तस्रावाने दगावत. कोखर सावकाश, एकेक रक्तवाहिनी बांधत काम करत आणि थायरॉइड ग्रंथी पूर्ण काढून टाकत. १८७४ मध्ये त्यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीची ग्रंथी अशीच काढली होती. काही वर्षांनी ती खुजी, सुजलेली, मंदबुद्धी झाल्याचे कळले; धाकटी बहीण तिच्याहून उंच झाली होती. कोखर यांनी जुन्या रुग्णांना पत्रे पाठवून बोलावले. पूर्ण ग्रंथी काढलेले अठरा जण तपासले, त्यांतल्या सोळा जणांची तीच गत. १८८३ मध्ये जर्मन शल्यचिकित्सकांच्या सभेत त्यांनी हे उघडपणे मांडले आणि त्यानंतर ग्रंथीचा काही भाग राखू लागले. आपल्याच हाताने झालेले नुकसान असे मोजून भर सभेत मांडणारे डॉक्टर मी फार पाहिलेले नाहीत. थायरॉइडचे कार्य काय, हे कळण्याची वाट या नोंदींनी मोकळी केली. १९०९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. हा मान मिळालेले ते पहिले शल्यचिकित्सक.

लहान व्यासाच्या, आवरण असलेल्या गोळीने जखमा सौम्य होतील, ही त्यांची आशा मात्र फार टिकली नाही. नव्या शतकात रायफलच्या गोळीला टोक आले. ही टोकदार गोळी शरीरात शिरल्यावर आडवी होते आणि न पसरताही मोठा मार्ग फाडते. २७ जुलै १९१७ रोजी कोखर बर्नमध्ये वारले. त्या दिवशीही सीमेपलीकडे, फ्रान्समधल्या इस्पितळांत तशाच जखमांचे सैनिक टेबलावर येत होते.