रुडॉल्फ डिझेल : जीवन परिचय आणि थंडीत अडणारी जुनी पिकअप

विद्यार्थी मित्रांनो, डिसेंबर-जानेवारीत आपल्या छत्रपती संभाजीनगरात पहाटे चांगलीच थंडी असते. त्याच वेळी आसपासच्या गावांतून भाजीच्या पिकअप जाधववाडीच्या बाजार समितीकडे निघतात. गाडी जुनी असली की सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, पांढरा धूर निघतो, पण इंजिन काही चालू होत नाही. आणि भाजी लिलावाला उशिरा पोचली तर भाव हातचा जातो. ही गाडी नेमकी का अडते? उत्तरासाठी चला, ज्यांचं नाव आपण रोज घेतो त्या माणसाची ओळख करून घेऊया.

बालपण आणि शिक्षण

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आई-वडील जर्मन होते. वडील पुस्तकबांधणी आणि चामड्याच्या वस्तू बनवण्याचं काम करत. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं, तेव्हा या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडनला जावं लागलं. बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिक्षणासाठी जर्मनीत ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे पाठवण्यात आलं. पुढे म्युनिकमध्ये ते कार्ल फॉन लिंडे या प्राध्यापकांकडे शिकले आणि १८८० मध्ये उत्तम गुणांनी पदवीधर झाले. लिंडे हे बर्फ तयार करणाऱ्या यंत्रांचे मोठे जाणकार. गंमत पाहा, ज्यांचं इंजिन थंडीत रुसतं त्या डिझेल यांची नोकरी बर्फ बनवण्याच्या धंद्यात होती!

इंजिनाचा शोध

त्या काळच्या वाफेच्या इंजिनात कोळशाची बहुतेक उष्णता वायाच जायची. डिझेल यांना ते खटकत होतं. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो, हे तुम्ही अनुभवलं असेल. हवा जोरात दाबली की ती तापते. ती इतकी दाबायची की त्यात इंधन फवारताच ठिणगीशिवाय पेट घेईल, ही डिझेल यांची कल्पना. १८९३ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. पण पहिल्याच चाचण्यांत इंजिनावरचं दाब मोजण्याचं उपकरण फुटलं. त्यांनी एकेक दोष शोधला, दुरुस्त केला, पुन्हा चाचणी घेतली. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन स्वतःच्या ताकदीवर जेमतेम एक मिनिट चाललं. १८९७ च्या अधिकृत चाचणीत त्याने इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के कामात बदलून दाखवली.

मग थंडीत काय होतं?

या इंजिनात सगळा खेळ दाबलेल्या हवेच्या उष्णतेचा आहे. थंडीत इंजिनाचं गार लोखंड ती उष्णता शोषून घेतं. ऑइल घट्ट होतं, बॅटरी कमजोर पडते, त्यामुळे इंजिन सावकाश फिरतं. जुन्या इंजिनात रिंगा झिजलेल्या असतील तर दाबलेली हवा निसटते. डिझेल पेटत नाही आणि त्याची वाफ पांढरा धूर बनून बाहेर पडते. म्हणून तपासणी क्रमाने करायची :

१. सेल्फ जोरात फिरतो का? नसेल तर आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल पाहा.
२. हीटर प्लग असेल तर चावी ऑन करून डॅशबोर्डवरचा त्याचा दिवा विझेपर्यंत थांबा. मगच सेल्फ मारा.
३. सेल्फ जोरात फिरूनही गाडी चालू होत नसेल तर मेकॅनिककडून हीटर प्लग तपासून घ्या.
४. डिझेल फिल्टरमध्ये पाणी किंवा लाइनमध्ये एअर आहे का ते बघा.
५. ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच आहे ना?
६. एवढं करूनही तेच, तर कॉम्प्रेशन तपासायला लावा.

आणखी एक महत्त्वाचं. काही जण डिझेल गोठलं समजून टाकीखाली जाळ करतात. असं कधीच करू नका, घरच्यांनाही करू देऊ नका. आपल्याकडच्या थंडीत डिझेल गोठत नाही, पण आगीने गाडी आणि माणूस दोन्ही जाऊ शकतात.

शेवट

इंजिनाने डिझेल यांना जगभर नाव दिलं, पैसाही दिला. पण पुढे ते कर्जात बुडाले. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन या बोटीवरून ते नाहीसे झाले. काही दिवसांनी समुद्रात मृतदेह सापडला. त्यावरच्या वस्तू त्यांच्या मुलाने ओळखल्या. तो अपघात होता की आत्महत्या, याचा पक्का उलगडा झाला नाही. डिझेल इंजिनाचे ट्रक रस्त्यावर आले ते १९२० च्या दशकात. ते पाहायला डिझेल राहिले नव्हते. आपल्या महाराष्ट्रात पुढे किर्लोस्करांनी १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांची कंपनी काढली आणि हेच तत्त्व शेतकऱ्याच्या विहिरीपर्यंत पोचलं.

मित्रांनो, डिझेल यांचं इंजिन एका दिवसात चाललं नाही. चिडून सेल्फ मारत राहण्यापेक्षा उष्णता कुठे कमी पडते हे शोधलं, तर आपली पिकअपही वेळेवर निघेल.

उपक्रम : सायकलचा पंप पाच मिनिटं चालवा, त्याची खालची बाजू हाताला कशी लागते ते वहीत लिहा आणि कारण सांगा.