टोरांटोचा पहिला महापौर : विल्यम लायन मॅकेन्झी

महापौर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हारतुरे, मोटारगाडी आणि उद्घाटनाची फीत उभी राहते. परंतु ज्या माणसाविषयी मी येथे चार शब्द लिहिणार आहे, त्याला हे पद पुरते वर्षभरही लाभले नाही. पदावर येण्यापूर्वी त्याचा छापखाना फोडला गेला होता आणि पद गेल्यावर तीन वर्षांच्या आत त्याला पकडून देणाऱ्यास एक हजार पौंडांचे बक्षीस जाहीर झाले. कॅनडातील टोरांटो शहराचा पहिला महापौर विल्यम लायन मॅकेन्झी तो हाच.

विल्यमचा जन्म १२ मार्च १७९५ रोजी स्कॉटलंडमधील डंडी येथे झाला. वडील विणकर होते. मूल काही आठवड्यांचे असतानाच ते वारले आणि आई एलिझाबेथने हलाखीत त्याला वाढवले. मुलाला वाचनाचे विलक्षण वेड. १८०६ ते १८२० या काळात वाचलेल्या पुस्तकांची त्याने यादी ठेवली होती. तीत नऊशेहून अधिक नावे आहेत. आमचे घरही मागावरच चालते आणि आमच्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. म्हणूनच की काय, त्याच्या पुढच्या साऱ्या पराक्रमांपेक्षा ही यादीच मला अधिक जवळची वाटते. विणकराच्या घरात पुस्तक आपोआप येत नाही, ते कोणाकडून तरी मागून आणावे लागते.

तरुणपणी त्याने दुकान काढले, ते बुडाले. १८२० मध्ये त्याने नशीब काढण्यासाठी अप्पर कॅनडा ही ब्रिटिश वसाहत गाठली. आजच्या आँटॅरिओ प्रांताचा दक्षिण भाग म्हणजे ती वसाहत. तेथील कारभार पाहून तो अस्वस्थ झाला. लोकांनी निवडलेले विधिमंडळ होते, पण त्याच्या डोक्यावर नेमलेल्या सभासदांचे दुसरे मंडळ आणि त्याहीवर लंडनहून आलेला गव्हर्नर! मोठ्या नोकऱ्या, जमिनी, बँक, न्यायासने, सारे काही मोजक्या घराण्यांच्या हाती एकवटले होते. सरकारी जमिनीचा सातवा हिस्सा धर्मोपदेशकांसाठी राखून ठेवलेला. ती जमीन पडीक राही, तिच्यासमोरून रस्ता होत नसे आणि शेजारच्या शेतकऱ्याचे हाल होत.

या व्यवस्थेविरुद्ध मॅकेन्झीने १८ मे १८२४ रोजी ‘कलोनिअल ॲडव्होकेट’ हे वृत्तपत्र सुरू केले. त्याची लेखणी जहाल होती; प्रसंगी ती मर्यादाही सोडी. ८ जून १८२६ रोजी प्रतिष्ठित घराण्यांतील तरुणांनी भरदिवसा त्याच्या छापखान्यात शिरून मोडतोड केली आणि टाइपाचे खिळे तळ्याच्या पाण्यात फेकले. त्यावेळी तो कर्जात बुडाला होता आणि वृत्तपत्र बंद पडण्याच्या बेतात होते. न्यायालयाने त्याला ६२५ पौंड भरपाई देवविली आणि त्या पैशातून वृत्तपत्र पुन्हा उभे राहिले. शत्रूंनीच त्याला तारले, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

१८२८ मध्ये तो विधिमंडळावर निवडून आला. १८३१ च्या डिसेंबरात बदनामीकारक लेखनाबद्दल त्याला सभागृहातून काढून टाकण्यात आले. पुढच्याच महिन्यात पोटनिवडणूक झाली, तेव्हा त्याला ११९ मते पडली आणि विरुद्ध उमेदवाराला एक! पुन्हा हकालपट्टी, पुन्हा निवड, असे अनेकदा घडले.

६ मार्च १८३४ रोजी यॉर्क या गावाला शहराचा दर्जा आणि टोरांटो हे नाव मिळाले. वस्ती नऊ हजारांच्या आसपास. चिखलासाठी ते गाव इतके प्रसिद्ध होते की त्याचे टोपणनावच तसे पडले होते. निवडणुकीत सुधारणावाद्यांचे बहुमत झाले आणि ३ एप्रिल रोजी नगरसभेने मॅकेन्झीला महापौर निवडले. आयुष्यभर खुर्चीशी भांडणारा माणूस आता स्वतः खुर्चीवर बसला.

येथेच त्याची खरी कसोटी लागली. रस्त्याकडेने लाकडी फळ्यांच्या पायवाटा करायच्या, तर कर वाढवावा लागला आणि कालपर्यंत जयजयकार करणारे लोक कुरकुर करू लागले. महापौर या नात्याने तो न्यायदानही करी. एका दारुड्या बाईने भर न्यायासनासमोर त्याला शिव्या दिल्या, जोडा फेकून मारला. त्याने तिला खोड्यात अडकवण्याची शिक्षा दिली. ज्याने जन्मभर सत्तेच्या उर्मटपणावर लिहिले, त्याच्या हातून ही गोष्ट घडावी, याचे मला फार वाईट वाटते. पण त्याच उन्हाळ्यात शहरात पटकीची साथ आली, तेव्हा हाच महापौर रोग्यांना दवाखान्यात पोहोचवीत राहिला, इतका की अखेर त्यालाही त्या रोगाने गाठले. खोडा आणि पटकी, एकाच वर्षातली ही दोन चित्रे शेजारी ठेवल्याशिवाय हा माणूस समजत नाही. जानेवारी १८३५ मध्ये शहराने त्याला पराभूत केले.

पुढे सनदशीर मार्गावरचा त्याचा विश्वास उडाला. डिसेंबर १८३७ मध्ये त्याने काहीशे शेतकरी व कारागीर जमवून सशस्त्र बंड केले. आखणी कच्ची, शस्त्रे अपुरी. चार दिवसांत बंड मोडले. मॅकेन्झी सरहद्द ओलांडून अमेरिकेत निसटला. मात्र त्याचे सहकारी सॅम्युएल लाऊंट व पीटर मॅथ्यूज १२ एप्रिल १८३८ रोजी फासावर गेले. नेता वाचला, अनुयायी गेले, हा डाग पुसता येत नाही.

परागंदा अवस्थाही सुखाची नव्हती. अमेरिकेच्या तटस्थतेचा कायदा मोडल्याबद्दल त्याला तेथेही तुरुंगवास घडला. तो कैदेत असतानाच, १८३९ मध्ये, आई वारली. १८४९ मध्ये माफी मिळाली, तो टोरांटोला परतला, १८५१ मध्ये पुन्हा विधिमंडळात निवडून आला. पैसा मात्र त्याने कधी साठवला नाही. मित्रांनी वर्गणी जमवून घेऊन दिलेल्या घरात २८ ऑगस्ट १८६१ रोजी त्याचे निधन झाले.

त्याचे बंड फसले, पण त्याची मागणी फसली नाही. १८३९ च्या लॉर्ड डरहॅमच्या अहवालाने जबाबदार राज्यपद्धतीची शिफारस केली आणि १८४८ मध्ये ती प्रत्यक्षात आली. त्याच्या परागंदा काळात जन्मलेल्या मुलीचा मुलगा, मॅकेन्झी किंग, पुढे एकवीस वर्षांहून अधिक काळ कॅनडाचा पंतप्रधान होता.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकजण घरातून प्रथमच शिकून बाहेर पडत आहेत. उद्या कोणी शिक्षक होईल, कोणी तलाठी, कोणी नगरसेवक. अन्यायाविरुद्ध बोलणे आपल्याला जमेल, कारण तो आपण पाहिलेला आहे. पण समोर उभा असलेला, शिव्या देणारा, जोडा फेकणारा माणूस जेव्हा आपल्याच निर्णयाची वाट पाहत असेल, तेव्हा आपण काय करू? मॅकेन्झीला ते एकदा जमले नाही आणि एकदा उत्तम जमले. त्याचे चरित्र वाचायचे ते या दोन्हींसाठी.